हळदीत उकळलेली अष्टपुत्री

नाव घेत नाही. पण आमच्या नाट्यमंडळात एक गृहस्थ असे आहेत, की त्यांना पेशवाईतली नवरी आणि सराफ्यातलं काचेचं कपाट यांत फरकच दिसत नाही! "नवरी म्हणजे लाल शालू अन् अंगभर सोनं," हा त्यांचा इतिहास. संस्थान जाऊन मध्यभारत राज्य आलं, पण हा शौक काही गेला नाही. यंदा पेशवाईवरच्या नाटकातल्या लग्नाचे पोशाख प्रथमच माझ्याकडे आले. कपड्यांना एक ट्रंक पुरली, किस्से मात्र अजून बाहेरच पडलेत.

सेक्रेटरी नानासाहेबांनी बजावलं होतं, "लोक हसले, तर पुढच्या वर्षी पुन्हा भाड्याचे ड्रेस!" म्हणजे पुन्हा ती चमकी! छे!

*

त्या काळची नवरी बोहल्यावर मामानं दिलेली पिवळी अष्टपुत्री नेसायची. मग पिवळीच हवी! आणि विलायती रंग तेव्हा होते कुठे? पांढरं नऊवारी लुगडं आणलं अन् घरातली सगळी हळद घालून उकळलं.

जेवताना पांढरीफटक आमटी पाहून बाबा म्हणाले, "नवरीला हळद लागली, आमटीची राहिली वाटतं!"

*

नवरी झालेली सुमन कायम पाचवारीत वावरणारी. दोन पावलांत तिचा काष्टा सुटला. शिकवायला दत्तूकाका आले. आता कचेरीत हेडक्लार्क, पण तरुणपणी नायिकेचीच कामं करायचे. त्यांनी लुगडं स्वतःच नेसलं, मान खाली घातली, अंगठ्यानं जमीन उकरली... आम्ही बघतच राहिलो.

"काका, आता द्या ना परत," सुमन म्हणाली.

"तू पडद्यामागून नुसती बोल गं. उभा मी राहतो!"

*

माळ्याला मुंडावळ्यांचं चित्र काढून दिलं होतं. आला काय, तर गुडघ्यापर्यंतचा सेहरा!

"अहो, नवरदेवाचं तोंडच दिसत नाही!"

"बहनजी, मुँह दिख गया तो दूल्हा कायका?"

मी फेकणार, तेवढ्यात फुलांच्या आतून आमचा नवरदेव वसंता म्हणाला, "राहू दे ना यार! संवादांचे कागद आतून टाचता येतील."

*

रंगीत तालमीत अष्टपुत्रीवर चहा सांडला. धोब्यानं ती प्रयोगाच्या दुपारी धुऊन आणली. लालभडक!

"हे काय केलं भिया?"

"मैंने कुछ नी किया बाई! सोडे में डाली अन् लाल हो गई!"

सायन्सवाली सुमन किंचाळली, "सोड्यानं हळद लाल होते! लिंबू आणा, पिवळी होईल!" शेजारपाजारची सगळी लिंबं टबात पिळली. पडदा वर जाताना नवरी पदराशी पिवळी, निऱ्यांशी लाल, मधे कसली ते देवच जाणे. शिवाय ओली!

मंगलाष्टकं होईपर्यंत मी विंगेत डोळे मिटून उभी. कोणी हसलं नाही. पण नाटक संपताच नानासाहेब त्यांच्या म्हाताऱ्या आत्याबाईंना घेऊन आत आले.

"आत्या, तूच सांग. जुन्या काळी असलं काही नेसायचे?"

मी मनात राजीनामा जुळवायला लागले. आत्याबाईंनी चष्मा सावरला. सुमनचा पदर हातात घेतला, मग वाकून निऱ्या पाहिल्या.

"अगं बाई! थेट आमच्या सासूबाईंची अष्टपुत्री! हा रंग आता जमतो कुणाला?"