पाहुणे आले तेव्हा मी झाडावर होतो

सारी नोकरी मी आलापल्लीला काढली. वनखात्यात कारकून होतो. बायको आणि मुलगी आरमोरीजवळच्या आमच्या गावी असायच्या आणि मी शनिवारी संध्याकाळच्या बसने घरी यायचो, सोमवारी पहाटे परत जायचो. निवृत्त होऊन गावात कायमचा राहायला आलो त्यानंतरचा हा पहिलाच उन्हाळा. मे सरत आला होता. दुपारी कुलरसमोर चटई टाकून पडायचं, ऊन कललं की आटलेल्या बोडीच्या, म्हणजे गावच्या लहान तळ्याच्या, पाळीवरून फिरून यायचं, येताना कोणाच्या तरी अंगणात आंब्यांचा भाव ऐकत बसायचं, असे माझे दिवस चालले होते. मुलगी नागपूरला इस्पितळात नर्स आहे. तीही सुट्टी घेऊन आली होती. एका सकाळी आम्ही दोघं टेंभरं, म्हणजे तेंदूची फळं, आणायला झुडपी जंगलात गेलो आणि वाटेतच सगळी खाऊन हात हलवत परत आलो. बायको म्हणाली, "दोघंही एकाच माळेचे मणी." ते ऐकून मला फार बरं वाटलं होतं.

मुलीची सुट्टी नुसती सुट्टी नव्हती. तिला पाहायला ब्रह्मपुरीकडचे लोक येणार होते. माझ्या बायकोच्या मामांनी स्थळ आणलं होतं. मुलगा सरकारी नोकरीत, वडील निवृत्त शिक्षक. येणार होते चार वाजता, उन्हं कलल्यावर. बायकोने दोन दिवस आधीपासून कणकेचे सरगुंडे काडीवर शेवयांसारखे वळून सुपात वाळवले होते. सरगुंडे आणि आंब्याचा रस हा आमच्याकडचा पाहुण्यांचा खरा मान.

त्या दुपारी जेवण झाल्यावर मी मागच्या अंगणात हात धुवत होतो. वर पाहिलं तर आमच्या आंब्याच्या शेंड्याकडच्या फांदीवर दोन आंबे पाडाला लागलेले दिसले. पाड म्हणजे झाडावरच पिकायला लागलेला, देठाशी पिवळा झालेला आंबा. बाकीचं झाड आम्ही लोणच्यासाठी आधीच उतरवलं होतं. आंबे उतरवायच्या झेल्याचा बांबू तिथपर्यंत पोचत नव्हता. मनात आलं, हे दोन आंबे पाहुण्यांच्या ताटात चिरून ठेवावेत आणि सहज सांगावं की आत्ताच झाडावरून काढले. लहानपणी याच झाडावर मी दिवस दिवस बसून राहायचो. बायको आत रसाचे आंबे पिळत होती. तिला सांगितलं असतं तर तिने नाही म्हटलं असतं, म्हणून सांगितलं नाही.

शिडी लावून पहिल्या बेचक्यापर्यंत गेलो. पुढे हातांनी. चढताना काही वाटलं नाही, उलट मजा वाटली. वरच्या फांदीवर बसलो, दोन्ही आंबे हाताशी आले, ते शर्टात टाकले. कौलांच्या पलीकडे शेतं दिसत होती, नांगरून पडलेली, आणि त्यापलीकडे नदीकाठची झाडं. थोडा वेळ मी तसाच पाहत बसलो. मग उतरायला म्हणून खाली पाय सोडला आणि पायाला फांदी लागेना. खाली पाहिलं. पाहायला नको होतं. दोन्ही हातांनी फांदीला मिठी मारली आणि तिथून पुढे मला इंचभरही हलता येईना.

बायको बाहेर आली ती खरकटं टाकायला. आधी तिला शिडी दिसली, मग मी.

"अजी, हे काय करून राह्यले तुमी?"

"आंबे काढले. आता उतरता येऊन नाई राह्यलं."

तिने कपाळाला हात लावला. "पाहुणे येतीन आता. उतरा ना हळूहळू."

"पाय जमत नाई म्हणतो ना. शेजारच्याले बोलाव."

ती वळली तेवढ्यात समोर गाडीचा हॉर्न वाजला. वादळवाऱ्याचं लक्षण दिसत होतं म्हणून ते लोक लवकर निघाले होते. बायको माझ्याकडे पाहत राहिली. आणि मी, घाईघाईत, दबक्या आवाजात म्हणालो, "मी घरी नाई म्हण. आरमोरीले गेलो म्हण. त्याईले आत बसव."

माझा हिशेब असा की पाहुणे पुढच्या खोलीत बसतील, तेवढ्यात मागच्या मागे कोणीतरी मला उतरवेल, आणि मी तोंड धुऊन पुढच्या दाराने आत येईन. पण ते लोक आत येऊन टेकतात तोच लाईन गेली. कुलर थांबला. पुढची खोली तेवढी पत्र्याची, वरून ऊन. त्यांच्याबरोबर आलेल्या मामांचा आवाज मला ऐकू आला, "इथी कायले शिजत बसता? मागं आंब्याची सावली हाये, तिथीच बसू."

बायकोने काहीतरी कारण सांगायचा प्रयत्न केला, पण मामांनी स्वतःच खाट उचलली होती. पाच मिनिटांत माझ्या बरोबर खाली एक खाट आणि दोन खुर्च्या आल्या. मुलाचे वडील खाटेवर बसले. पांढरे केस, स्वच्छ धोतर. मुलाची आई खुर्चीवर. मुलगा दुसऱ्या खुर्चीवर, मोबाईल हातात. मला त्या सगळ्यांच्या डोक्याचे भोवरे दिसत होते. पानांतून त्यांनी वर पाहिलं असतं तर माझे तळपाय दिसले असते.

"मुलीचे वडील दिसत नाई," मुलाचे वडील म्हणाले.

"आरमोरीले गेले," बायको म्हणाली. "येतच असतीन." तिचा आवाज इतका बारीक झाला होता की मला स्वतःचीच लाज वाटली. ती कधी खोटं बोलत नाही. तिला बोलता येतही नाही. पदर बोटाला गुंडाळत ती शिडीकडे पाठ करून उभी राहिली, जणू तिच्या पाठीने ती झाकली जाणार होती.

वर लाल मुंग्यांचं घरटं होतं, पानं चिकटवून केलेलं. चढताना ते माझ्या लक्षात आलं नव्हतं. त्यांना मी लक्षात आलो होतो. एक एक करून मनगटावर, मानेवर, बाहीत शिरू लागल्या. ओरडायचं नाही म्हणून मी ओठ दातांत धरले. खाली मामा माझं कौतुक करत होते. जावई म्हणजे वेळेचा पक्का माणूस, सारी नोकरी जंगलात काढली, शब्दाला जागणारा. मुलाचे वडील मान डोलावत होते. मुलगी पाणी घेऊन बाहेर आली. तिने आईची कोसा रेशमाची साडी नेसली होती. मी झाडावर आहे हे तिला माहीत नव्हतं. तिने नमस्कार केला आणि मुलाच्या आईशेजारी बसली.

"पाह्यतो कुठवर आले," म्हणून मामांनी फोन लावला.

माझा फोन शर्टाच्या खिशात होता. तो वाजू लागला. दोन्ही हात फांदीला, त्यामुळे बंद करणं शक्य नव्हतं. तो वाजतच राहिला, मोठ्याने, कारण मला कमी ऐकू येतं म्हणून मुलीनेच तो तसा करून दिला होता. खाली सगळे आधी एकमेकांकडे पाहू लागले. मग एकामागून एक सगळ्यांची तोंडं वर वळली.

पडलो असतो तर बरं, असं खरंच वाटून गेलं.

"नमस्कार," मी वरून म्हणालो.

कोणी हसलं नाही. हसले असते तर सोपं गेलं असतं. मुलाचे वडील उभे राहिले आणि त्यांनी वर पाहत हात जोडले. मामा अजून फोन कानाला लावूनच उभे होते. बायकोने मान खाली घातली ती वर केलीच नाही.

मुलगा उठला. "मी चढतो," म्हणाला. तो शिडीवर चढला, पण बूट घसरत होते, आणि बेचक्याशी पोचतो न पोचतो तोच मुंग्या त्याच्या हातावर आल्या. हात झटकत तो खाली उतरला. त्यात त्याचा काही दोष नव्हता. नवे कपडे घालून आला होता बिचारा.

माझी मुलगी उठून आत गेली. मला वाटलं, लाजेने गेली. रडत असेल. पण ती बाहेर आली ती जुना सलवार-कुर्ता घालून, ओढणी कमरेला बांधून. पाहुण्यांकडे तिने पाहिलंही नाही. शिडी चढली, बेचक्यातून पुढे निघाली, आणि मला काही कळायच्या आत माझ्या खालच्या फांदीवर येऊन बसली. तिने माझा डावा घोटा हातात धरला.

"हा पाय सोडा, बाबा."

"लोकं पाहून राह्यले. तू खाली जा."

"पाहू द्या. पाय सोडा. मी धरला आहे."

मी पाय सोडला. तिने तो ओढून एका गाठीवर टेकवला. मग दुसरा. इस्पितळात ती म्हाताऱ्या रुग्णांशी याच आवाजात बोलत असावी. आता हात खाली घ्या. आता इथं धरा. खाली पाहू नका, माझ्याकडे पहा. मधेच मी विचारलं, "तू कधी शिकली चढायले?"

"तुमी आलापल्लीले होते तेव्हा," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिचं लक्ष माझ्या पायाकडे होतं.

जमिनीवर उतरलो तेव्हा शर्ट बाहीपासून फाटला होता आणि आतले दोन्ही आंबे दबून रस पोटावर उतरला होता. मुलाच्या वडिलांनी पुढे येऊन माझ्या खांद्यावरची एक मुंगी बोटाने उडवली. "बसा भाऊ, पाणी प्या," म्हणाले. माझ्याच अंगणात, मुलीचा बाप म्हणून ज्याने त्यांना पाणी विचारायचं त्याला ते पाणी विचारत होते. आरमोरीचा विषय कोणी काढला नाही. बायकोने सरगुंडे वाढले, रस वाढला, आणि सगळ्यांनी नीट जेवून घेतलं. मुलगी त्याच सलवार-कुर्त्यात बसून होती, हाताच्या कोपराला खरचटलेलं. मुलगा आणि ती समोरच्या ओसरीत थोडा वेळ बोलले. निघताना मी त्यांच्या गाडीपाशी गेलो, पण माफी मागायला तोंड उघडेना. नुसते हात जोडले.

गाडीचा ड्रायव्हर गावात पानठेल्यावर थांबला असावा, कारण दुसऱ्या दिवशी सकाळी साऱ्या गावाला माहीत होतं. मी चौकातून जायचं सोडलं. दाढी करायला मागच्या गल्लीने गेलो, तर न्हावी आरशात माझ्याकडे पाहत म्हणाला, "मुंग्या लय चावल्या वाटते भाऊ." मी मान हलवली. संध्याकाळचं बोडीकडचं फिरणंही बंद केलं. खोलीत बसून राहायचो. बायको रागावली असती तर मी ऐकून घेतलं असतं, पण ती रागावत नव्हती. फक्त एकदा, लोणच्याच्या फोडींना मीठ लावताना म्हणाली, "मले खोटं बोलाले नोका सांगत जाऊ आतापासून." मी नाही सांगणार म्हटलं.

तीन-चार दिवसांनी मामांचा फोन आला. त्या लोकांना मुलगी पसंत होती. मी इतका हलका झालो की उठून अंगणात दोन फेऱ्या मारल्या. मुलीला सांगितलं तर ती म्हणाली, "पण माझं नाई आहे, बाबा."

मला लगेच कारण कळलं, म्हणजे मला तसं वाटलं. त्या घरात ही जाईल तेव्हा जन्मभर झाडावरच्या बापाची पोरगी म्हणून जाईल. मी तिला तसं विचारलं. ती नाही म्हणाली. दुपारी पुन्हा विचारलं. संध्याकाळी पुन्हा.

शेवटी तिने हातातलं सूप खाली ठेवलं. "बाबा, तो माणूस ओसरीत बसून मले गाडी किती एव्हरेज देते तेच सांगत होता. त्याने मले एक गोष्ट विचारली नाई. तेवढंच आहे. साऱ्या गोष्टी तुमच्याच पायी होत नाई."

त्या दिवसापासून मी लाजून स्वतःला कोंडून घेतलं होतं, पण तिला तो मुलगा कसा वाटला हे एकदाही विचारलं नव्हतं. जो तो माझ्याचकडे पाहत असेल, असं धरून बसलो होतो. ही लाज आधीच्या लाजेपेक्षा वेगळी होती, आणि ती कोणाला दिसत नव्हती म्हणून जास्त टोचत होती.

नकार कळवायचं काम मामांवर ढकलता आलं असतं. पण फोन मीच केला, मुलाच्या वडिलांना. मुलीच्या मनात नाही एवढंच सांगितलं, आणि त्या दिवशी मी आरमोरीला गेलो नव्हतो हेही सांगितलं, जे त्यांना ठाऊकच होतं. मग ते म्हणाले, "बरं. पोरगी तुमची हिमतीची हाये, हे घरी सगळे बोलले." आणि फोन ठेवला.

मुलीची सुट्टी संपली तेव्हा तिला सोडायला मी आरमोरीच्या बसस्टँडवर गेलो. नागपूरची बस यायची होती. गावचाच एक ओळखीचा शेतकरी बियाण्याची थैली घेऊन बाकावर बसला होता. मला पाहून सरकला आणि मुलीसमोरच म्हणाला, "काऊन भाऊ, झाडावरून कोणं उतरवलं तुमाले? गावात तर कोणी काई सांगते, कोणी काई."

माझे कान तापले. मी दुसरीकडे पाहू लागलो.

"मी," मुलगी म्हणाली. "मीच उतरवलं."

"तू? साडीत?"

"नाई. कपडे बदलून."

तो शेतकरी तिच्याकडे पाहत राहिला, मग माझ्याकडे. "असं," म्हणाला. बस आली. तिने माझ्या पायाला हात लावला, बॅग चढवली आणि खिडकीत बसून हात हलवला. बस वळणाआड गेल्यावर मी लगेच गावाकडे निघणार होतो. पण तो शेतकरी उठला, थैली खांद्यावर टाकली आणि म्हणाला, "चला, चहा घेऊ. नीट सांगा काय झालं ते."

चेहरा अजून तापलेलाच होता. तरी मी त्याच्यासोबत टपरीकडे गेलो.