मामाची कुजबुज

आमचा मामा लाँड्रीत बॉयलर सांभाळतो. इस्पितळांच्या चादरी धुणारी मोठी लाँड्री. तिथली सगळी वाफ मामाची. सव्वीस वर्षं त्या घरघरीशेजारी काढल्यामुळे त्याला हळू बोलता येत नाही. त्याला मात्र वाटतं, येतं. "जरा मीठ दे गं," असं तो मामीच्या कानात सांगतो आणि शेजारच्या काकू मीठ घेऊन येतात.

यंदा सरकारने कारखान्यांचा कार्बन डायऑक्साइड कमी करायचं मनावर घेतलं आणि सुनावणी ठेवली. पर्याय तीन: कोळशावर कर, प्रत्येक कारखान्याला कोळशाचा ठरावीक कोटा, नाहीतर कोळशाच्या बॉयलरवर सरळ बंदी. बंदी आली की मामा घरी. निवृत्तीला तीन वर्षं असताना.

मालकांनी बजावलं, "एकच वाक्य बोलायचं. 'कोळसा याहून कमी होणार नाही, सवलत द्या.' पुढे तोंडाला कुलूप!"

मामाने आठवडाभर घोकलेलं वाक्य सुनावणीत धडाधड म्हणून टाकलं. अधिकारी बाईंनी चष्मा वर केला. "म्हणजे असं बघा, थोडासुद्धा नाही? म्हणजे अजिबात? मग असं बघा, बंदीच घालावी लागेल ना?"

मामा मालकांकडे झुकला, तोंडावर हात धरला आणि कुजबुजला, "मालक, ते गरम पाणी गटारात जातं, ते सांगू का?"

मागच्या रांगेत पेंगणारा माणूस दचकून उठला.

"सांगा, सांगा," बाई म्हणाल्या.

मामा सुटलाच. इस्त्रीच्या रुळांमधून वाफेचं पाणी होऊन बाहेर पडतं, चांगलं चटका देणारं. ते परत बॉयलरमध्ये सोडलं तर पाच गाड्यांमागे एक गाडी कोळसा वाचतो. "अकरा वर्षं सांगतोय, बाई! मालक म्हणतात, कोळसा स्वस्त, पाइप महाग."

"आणि कराने कोळसा महाग झाला तर?"

"मग मालक स्वतः पाना घेऊन येतील!"

सगळे हसले. मालक सोडून.

बाहेर आल्यावर ते कडाडले, "गप्प बस म्हटलं होतं ना?"

"अहो, तुमच्याच कानात बोललो की!"

पुढचा महिनाभर मामा जेवताना नुसता भात चिवडत होता. मग निर्णय आला: कर लागणार, बंदी नाही. त्याच आठवड्यात लाँड्रीत पाइप बसले, आणि कुठला कुठे जोडायचा हे मामाशिवाय कुणाला ठाऊक होतं? मालकांनी त्याला काढलं नाही. नुसतं बोलणं टाकलं.

घरी येऊन मामाने दार लावून घेतलं आणि मामीच्या कानात सांगितलं, "कुणाला बोलू नकोस. नोकरी वाचली."

शेजारच्या गच्चीवरून काकू ओरडल्या, "अभिनंदन हो!"