आकडा धरणारा

थोरल्याचं पोट आयुष्यभर एकाच कारणाने दुखलं: धाकटा भाऊ.

इंजिन खोलण्यात थोरल्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पण इंजिनाच्या गाड्या कमी होत गेल्या आणि धाकटा घरच्या गॅरेजमध्ये इलेक्ट्रिक गाड्यांच्या बॅटऱ्या दुरुस्त करायला लागला. वडील येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत, "आमचा धाकटा म्हणजे डॉक्टर आहे, डॉक्टर!" थोरल्याच्या वाट्याला त्यांच्याकडून कौतुकाचा एक शब्द कधी आला नाही. त्यासाठी हा पन्नाशीचा बाप्या अजून झुरत होता. हसायचं तर हसा.

परवा वडिलांचीच गाडी बंद पडली. धाकट्याने बॅटरी उतरवून झाकण काढलं. चारशे व्होल्टचं काम एकट्याने करायचं नाही, मागे कुणीतरी कोरडा लाकडी आकडा घेऊन उभं राहायचं आणि वेळ आलीच तर माणसाला ओढून काढायचं, हा त्याचा नियम. आकडा अर्थातच थोरल्याच्या हाती. वडील खुर्ची टाकून बघत बसले.

"दादा, लक्ष ठेव हं."

"ठेवतो की. मला दुसरं काम काय आहे?"

धाकट्याने बाहेर जाणारी वीज तोडणारा सुरक्षा प्लग काढला, मीटर लावलं आणि बिघडलेला सेल हां हां म्हणता शोधला.

"बघितलंस? असा हात पाहिजे!" वडील म्हणाले. थोरल्याचा नुसता जळफळाट झाला.

तेवढ्यात बारीक नट चिमटीत येईना म्हणून धाकट्याने रबरी हातमोजा काढला. बोटात सोन्याची अंगठी! प्लग काढला तरी आतले सेल भरलेलेच असतात. अंगठी सेल जोडणाऱ्या दोन धातूच्या पट्ट्यांना एकदम टेकली की बोटाचा कोळसा.

थोरल्याने अंगठी पाहिली आणि तो गप्प राहिला. बसू दे एकदा चटका, त्याच्या मनात आलं, कळू दे म्हाताऱ्याला डॉक्टर किती हुशार आहे ते. धाकटा वाकला. नट फिरू लागला. अंगठी पट्टीपासून नखभर अंतरावर आली, तेव्हा कुठे थोरल्याने त्याच्या कमरेत आकडा घालून असा हिसका दिला की तो मागे बदकन आपटला.

"डोकं फिरलं का तुझं?" वडील ओरडले.

धाकट्याने बोटाकडे पाहिलं आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. "बाबा, त्याला बोलू नका. अंगठी काढायची राहिली माझी. दादा नसता तर बोट गेलं असतं."

वडील उठले. थोरल्याच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "शाब्बास रे पोरा! नजर आहे तुझी. कधी दिसली अंगठी?"

"आत्ताच," थोरला म्हणाला.