बॉयलरच्या खोलीतला कुनशान

नवरा गेल्यावर शीलो गावातला सोया सॉसचा कारखाना युएश्यानेच चालवला, आणि रोज सकाळी बॉयलर पेटवायचं काम तिने कधी दुसऱ्या कुणाच्या हाती दिलं नाही. कामगारांना वाटे, बाईंच्या मनातला धसका अजून गेलेला नाही. वाफेच्या नळाचा सांधा फुटून कुनशान त्याच खोलीत भाजून गेला होता. पण कारण वेगळंच होतं.

कुनशान वाफ सोडण्याआधी पान्याने नळावर तीनदा ठोकायचा. आत पाणी साचलं असेल तर वाफेच्या दणक्याने सांधा फुटतो, आणि ते साचलंय का, हे त्याला आवाजावरून कळे. त्याचं क्रियाकर्म आटोपलं, बॉयलर दुरुस्त होऊन पहिल्यांदा पेटला, आणि युएश्याने झडपेवर हात ठेवला तेव्हा नळातून आवाज आला. ठक, ठक, ठक. पाना भिंतीवर खिळ्याला लटकत होता.

ती घाबरली नाही. “पाणी नाहीये हो आत, काढलंय मी,” एवढंच म्हणाली.

मग ते रोजचंच झालं. झडप उघडण्याआधी ठोके यायचे. ती उत्तर द्यायची आणि दोन गोष्टी बोलून घ्यायची. यंदाचे काळे सोयाबीन बारीक आलेत. अंगणातल्या एका रांजणाला चीर गेलीय. पेइरू सुट्टीला येतेय. जगात कुणाला तिने हे सांगितलं नाही. सांगितलं असतं तर लोकांनी मांत्रिक आणला असता.

पेइरू म्हणजे एकुलती एक लेक. ताइचुंग शहरातली नोकरी सोडून ती घरी परत आली आणि पहिल्याच आठवड्यात तिने विषय काढला. छपरांवर सोलर पॅनेल बसवायचे, वाफेसाठी विजेवर चालणारं यंत्र घ्यायचं, आणि डिझेलचा बॉयलर भंगारात.

पॅनेलवाला हुआंग पाहणीला आला. अंगणात सॉस मुरायला उन्हात ओळीने मांडलेले मातीचे रांजण बघून त्याचे डोळे चमकले. “मालकीणबाई, खरी जागा तर ही. वर मांडव घालू, सगळा पॅनेलचा.”

“आणि खाली काय पिकवू? सावलीचा सॉस?” युएश्या म्हणाली. “माझ्या सासऱ्यांनी या अंगणात कपडे वाळत घालू दिले नाहीत कधी. तुम्ही मांडव घालताय.”

हुआंग हसला आणि मुकाट्याने छपरं मोजायला चढला. छपरांना युएश्याची ना नव्हती. घोडं अडलं ते बॉयलरपाशी.

“पॅनेल बसव. पण बॉयलर राहील,” तिने लेकीला सांगितलं.

“अगं, मग पॅनेल कशाला? शोभेला?”

“राहील म्हटलं ना.”

“त्याला गंज चढलाय, आई. एक दिवस तूही...” पेइरूने वाक्य अर्धवट सोडलं. मग ती देवघराकडे गेली. “बाबांनाच विचारू. ते म्हणतील तसं.”

पूर्वजांच्या पाटीसमोर उदबत्त्या लावून युएश्याने कौल लावायचे चंद्रकोरीसारखे दोन लाकडी ठोकळे हातात धरले, एका बाजूने सपाट, एका बाजूने फुगीर. बॉयलर काढू का, असं विचारून ते जमिनीवर टाकले. दोन्ही सपाट बाजू वर करून उताणे पडले. म्हणजे होही नाही, नाहीही नाही, नुसतं हसणं. पुन्हा टाकले, पुन्हा हसणं. तिसऱ्यांदाही तेच.

“बघ, हसतायत,” युएश्या म्हणाली. “तुझ्या खुळेपणाला.”

पेइरू हसली नाही. खाली बसून तिने ठोकळे उचलले. “आई, मलाही ऐकू येतं.”

“काय?”

“नळावरचे ठोके. कॉलेजच्या पहिल्या सुट्टीत मी तुला हाक मारायला आले होते. तू आत बोलत होतीस आणि बाबा ठोकत होते. मी दारातून तशीच परत फिरले. तेव्हापासून दर सुट्टीत ऐकतेय.”

“मग बोलली का नाहीस?”

“तू बोललीस का?” पेइरू म्हणाली. “तुला वाटतं ते तुझ्या सोबतीला थांबलेत. मला तसं नाही वाटत. ते अजून तोच सांधा तपासतायत, आई. रोज. त्यांना वाटतंय अजून तीच सकाळ चालू आहे.”

युएश्याने ठोकळे लेकीच्या हातून घेतले आणि प्रश्न बदलला. तोंडाने पुटपुटायचा रिवाज, पण ती मोठ्याने म्हणाली, “कुनशान, तुम्हाला जायचंय का?”

एक ठोकळा पालथा पडला, एक उताणा. होकार. तिने पुन्हा टाकले. होकार. तिसऱ्यांदा टाकायला तिचा हात उठेना, तेव्हा पेइरूने तिच्या हाताखाली आपला हात धरला. तिसरा कौलही तोच आला.

इतकी वर्षं मीच त्यांना धरून ठेवलं, हे तिच्या मनात आलं आणि ते काही केल्या निघेना. दोन दिवस ती जेवली नाही.

बॉयलर उचलायच्या आदल्या दिवशी पुरोहित आला. त्याने खोलीत घंटी वाजवून कुनशानला नावाने हाक मारली. युएश्याने कुनशानचा कामाचा सदरा कवटाळून धरला, पेइरूने उदबत्ती घेतली आणि सगळे नदीपलीकडच्या अस्थिमंदिराकडे चालत निघाले. मृताला वाट दिसत नाही, म्हणून सांगत न्यावं लागतं. लांबलचक लाल पुलाच्या तोंडाशी युएश्या थांबली. बाजूने ट्रक धडधडत जात होते.

“कुनशान, पूल आला,” ती म्हणाली. “सांभाळून या. मागे बघू नका.”

पुलाच्या मध्यावर सदरा एकदम जड झाल्यासारखा तिला वाटला. ती चालत राहिली. पलीकडचा काठ आला तेव्हा तो नुसता सदरा होता.

त्या उन्हाळ्यात यंत्र विजेवर चालू लागलं. बटण दाबलं की वाफ तयार, ना धूर ना घरघर. पेइरू मोबाइलवर विजेचे आकडे बघून खूश व्हायची. युएश्या मात्र सकाळी त्या रिकाम्या खोलीत जाऊन उभी राहायची आणि कान देऊन ऐकायची. काहीच ऐकू यायचं नाही. हेच तर हवं होतं, असं ती स्वतःला बजावायची. तरी ती शांतता अंगावर यायची.

एक गोष्ट मात्र कुणाच्या ध्यानात आली नव्हती. सॉससाठी शिजवलेल्या दाण्यांवर आधी उबेत बुरशी धरू द्यावी लागते, आणि ती खोली बरोबर पॅनेलच्या खाली आली. छप्पर तापेना, खोली गार पडली, आणि पहिल्या घाण्याचे दाणे बांबूच्या सुपांत बुरशी न धरता नुसते काळे तुकतुकीत पडून राहिले. पेइरू रडकुंडीला आली.

“रडतेस काय? रजया आण घरातल्या,” युएश्या म्हणाली.

दोघींनी सुपं रजयांखाली झाकली आणि तिथेच चटई टाकून बसल्या. दर थोड्या वेळाने युएश्या रजईखाली हात घालून बघे. तिसऱ्या दिवशी दुपारी तिच्या तळव्याला ऊब लागली; दाण्यांना बुरशी धरली होती. तिने लेकीचा हात ओढून आत घातला आणि दोघी तशाच बसून राहिल्या.