नव्या टाळूचं उष्टावण

माझ्या सासूबाईंच्या डाव्या खांद्यावर अजूनही एक मऊ सुती फडकं असतं. आता त्याचं काही काम नाही. पण काढा म्हटलं तर काढत नाहीत, आणि मीही म्हणायचं सोडून दिलंय. माझी मुलगी जन्मली त्या आठवड्यात ते तिथं आलं. तिला दूध पाजलं की त्यातलं निम्मं नाकातून परत यायचं, आणि कोणी बघायच्या आत सासूबाई ते टिपून मोकळ्या व्हायच्या.

मुलीची टाळू जन्मापासून दुभंगलेली होती. डोक्यावरची नव्हे, तोंडातली, जिभेच्या वरची. ओठ चांगले, नाक चांगलं, त्यामुळे वरून बघणाऱ्याला काही समजायचं नाही. तोंड वासून रडली की आत थेट नाकापर्यंतची भेग दिसायची. तिला अंगावरचं दूध ओढताच यायचं नाही. ती भुकेने रडायची आणि मी तिच्याकडे बघून. शेवटी सासूबाईंनी माळ्यावरून जुनं बोंडलं शोधून काढलं. लांब चोचीची ती चांदीची वाटी, तिच्यातूनच त्यांनी कधीकाळी माझ्या नवऱ्याला दूध पाजलं होतं. घासून लख्ख केलं, उकळलं, आणि माझं काढलेलं दूध त्या थेंब थेंब करून तिच्या गालाच्या आत सोडायला लागल्या. "घे गो माझे बाय, घे," असं म्हणत एकेका वेळेला तासभर. ते बोंडलं आणि तो धीर नसता तर माझी मुलगी वाढलीच नसती.

आमचं गाव मुरबाड तालुक्यातलं, त्यामुळे बातमी काही घरात राहत नाही. शेजारची एक काकी बाळ बघायला म्हणून आली आणि टेकते न टेकते तोच म्हणाली, "गिराणात इळी हातात धरली असंल, दुसरं काय."

माझं डोकं आधीच तापलेलं. मी म्हटलं, "ग्रहणात मी झोपले होते काकी. भाजी तुमच्या पुतण्याने चिरली. त्याची टाळू बघता का?" पुतण्या म्हणजे माझा नवरा. काकी चहा न घेताच उठली. आता सासूबाई माझी खरडपट्टी काढणार असं मला वाटलं, तर त्या फडक्यात तोंड खुपसून हसत होत्या.

पण याच सासूबाईंनी उष्टावण मात्र अडवून धरलं. आमच्याकडे बाळाचा पहिला मानाचा घास मामाचा. मामा सोन्याची अंगठी खिरीत बुडवतो आणि बाळाला चाटवतो. माझा एकुलता एक भाऊ किन्हवलीला असतो, भेंडीचा टेम्पो चालवतो. मुलगी सहा महिन्यांची झाल्यापासून त्याने माझा पिच्छा पुरवला होता, "ताई, कधी गो बोलावतेस?" सासूबाईंचं उत्तर ठरलेलं, "टाळू शिवल्याबिगर नाय." चार माणसांत खीर नाकातून आली तर काय, ही त्यांची भीती. तसं घरात पेज, नाचणीचं सत्त्व, कुस्करलेलं केळं सगळं चालू होतं. फक्त तो एक घास राहिला होता. मी त्यावरून भांडले, रुसले, आणि शेवटी गप्प बसले, कारण खरं सांगायचं तर मलाही चारचौघांत ते नाक बघवत नव्हतं.

ऑपरेशन ठाण्याच्या एका मोठ्या हॉस्पिटलात ठरलं. पहिल्या खेपेला तिला सर्दी होती म्हणून माघारी पाठवलं. त्यानंतर घरात कोणी शिंकलं तरी सासूबाई त्याला ओटीवर काढायच्या, माझ्या नवऱ्यालासुद्धा. दुसऱ्या खेपेला मात्र तिला आत नेलं. नर्सने माझ्या कडेवरून उचललं तेव्हा ती तिच्या गळ्यातल्या ओळखपत्राशी खेळत गेली, मागे वळून बघितलंही नाही. मला त्याचा इतका राग आला! मग दार बंद झालं आणि मी हमसून हमसून रडले.

बाहेर आली ती सुजलेली, ओठाच्या कोपऱ्यात रक्ताची लाळ, आवाज बसलेला. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या की भेग बंद झाली. खरी परीक्षा पुढची होती. तीन आठवडे फक्त पातळ, गाळलेलं, तेसुद्धा वाटीने ओठाला लावून. तोंडात चमचा नको, बोंडल्याची चोच नको, कडक काही नको. प्रत्येक वेळी वर दोन घोट पाणी. तिने बोट तोंडात घालू नये म्हणून दोन्ही कोपरांना पुठ्ठा घातलेल्या कापडी बाह्या. टाके उसवले तर तिथं भोक राहील, खाल्लेलं पुन्हा नाकात जाईल, बोलणं नाकात अडकेल आणि पुन्हा ऑपरेशन. डॉक्टरीणबाई हे सगळं सांगत होत्या तेव्हा सासूबाई माझ्या शेजारी उभ्या होत्या आणि मान डोलवत होत्या.

घरी आल्याला आठवडासुद्धा झाला नव्हता. सकाळची वेळ, नवरा कंपनीत पहिल्या पाळीला गेलेला. मी परसात बाळाची कापडं धूत होते. टेम्पोचा आवाज आला. भाऊ भेंडी टाकून परत जाताना डोकावला असेल, म्हणून मी निवांतपणे पिळे झटकले आणि आत आले.

आत पाट मांडलेला, पाटाभोवती रांगोळी. बाळ सासूबाईंच्या मांडीवर, कपाळाला कुंकू. समोर माझा भाऊ, डोक्यावर टोपी, आणि त्याचं अंगठी घातलेलं बोट माझ्या मुलीच्या तोंडात.

"काढ!" मी अशी किंचाळले की टोपी खाली पडली. त्याने बोट झटकन मागे घेतलं, बाळाने टाहो फोडला आणि तिच्या लाळेत गुलाबी रंग उतरला.

"अगो, डॉक्टरनं चमचा नको सांगितला," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा चेहरा पांढराफटक झाला होता. "बोट कुठं नको म्हणाली? खीर पण गाळलेली हाय. नवी टाळू, नवं तोंड. पयला घास मामाचा नको?"

त्यांचा हिशेब असा होता. आतापर्यंत पोटात गेलं ते फाटक्या टाळूचं, ते मोजायचं नाही. आता टाळू शिवली, म्हणजे तोंड नव्याने सुरू झालं, आणि नव्या तोंडाला मामाच्या आधी पेज लागतेय ही त्यांच्या जिवाला रुखरुख. म्हणून मला न सांगता त्यांनीच भावाला फोन केला होता. इतके महिने ज्या बाईने हा घास अडवला, तिनेच तो नको त्या दिवशी उरकायला घेतला.

आम्ही होतो तसे टेम्पोत बसून ठाण्याला निघालो. मागे भेंडीचे रिकामे क्रेट खडखडतायत, पुढे भाऊ, मी, मांडीवर बाळ, आणि दाराशी सासूबाई. मुरबाड गेलं, कल्याण आलं, तरी माझा तोंडाचा पट्टा चालूच. "तुला अक्कल नाही? मला हाक मारायला काय झालं होतं? आणि तुम्ही आई, तुम्ही तिथं उभ्या राहून सगळं ऐकलंत ना?" भाऊ एका हाताने डोळे पुसत होता, मी त्यावरही ओरडले, "रस्त्याकडे बघ!" बाळाच्या हनुवटीवरची लाळ टिपायची आणि फडक्यावर लाल दिसतंय का बघायचं, एवढंच मला येत होतं.

डॉक्टरीणबाईंनी बॅटरी लावून बराच वेळ आत बघितलं. मग त्यांनी बॅटरी विझवली आणि विचारलं, "अंगठी कोणाची?"

भावाने हात पुढे केला, मारकुट्या मास्तरांपुढे करतात तसा.

"टाके जागेवर आहेत," त्या म्हणाल्या. "हे हिरडीचं रक्त. दात येतोय तिथं अंगठी घासली." मग सासूबाईंकडे वळून, "आजी, बोट म्हणजेसुद्धा चमचाच. अंगठी घातलेलं तर दुप्पट चमचा."

"हां बाय," सासूबाई एवढंच म्हणाल्या.

मी तिथल्याच स्टुलावर बसले आणि मोठ्याने हसायला लागले. नर्सने पाणी आणून दिलं.

पुढचे दिवस सासूबाईंनी दारात ठाण मांडलं. बाळ बघायला येणाऱ्याने आधी हात पाठीमागे बांधायचे, मगच उंबरा ओलांडायचा. ती विळीवाली काकी आली, तिलाही हात मागे बांधून उभं केलं, आणि ती चक्क राहिली. बाळाच्या बाह्या सैल झाल्या की त्या स्वतः आवळायच्या. पेज मलमलच्या कापडातून दोनदा गाळायच्या, एखादं शीत राहिलं का म्हणून वाटी उजेडात धरायच्या. माझ्याशी मात्र कामापुरतंच बोलायच्या. एकदा मीच त्यांच्या ताटात भाकरी वाढून म्हटलं, "आई, जेवा आता. टाके जागेवर आहेत." तेव्हा कुठे त्यांनी माझ्याकडे नीट बघितलं.

तीन आठवड्यांनी पुन्हा तपासणी झाली. बाह्या सुटल्या, मऊ खायला परवानगी मिळाली. पण डॉक्टरीणबाई म्हणाल्या, टाळूच्या पुढच्या बाजूला एक बारीक फट राहिली होती, ती भरली असावी, पण खात्री खाल्ल्यावरच होईल. नाकातून काही आलं तर घेऊन या.

परत येताना सासूबाईंनीच विषय काढला. "मामाला बोलाव."

मामा येईना. फोनवर म्हणाला, "दुसऱ्या कोणाला सांग ताई. माझा हात नाय धजत."

"तिला दुसरा मामा आहे का?" मी म्हटलं. "उद्या सकाळी मुकाट्याने ये. आणि नखं काढून ये."

नखं इतकी काढली होती की बोटांची टोकं लाल झाली होती. अंगठी बोटात घालायला तो तयार नव्हता, सोन्याशिवाय उष्टावण सासूबाईंना चालत नव्हतं. मग अंगठी उकळून खिरीच्या वाटीत टाकली, दोघांचंही समाधान झालं. तीच रांगोळी, तोच पाट, पण या वेळी बाळ माझ्या मांडीवर. नवरा सुट्टी घेऊन माझ्या मागे उभा. दारात काकी, हात अजून पाठीमागे. सासूबाई फडकं दोन्ही हातांत धरून अगदी बाळाच्या नाकासमोर बसलेल्या.

भावाने बोटाच्या टोकाला खीर घेतली आणि तिच्या ओठाला लावली. तिने चाटली. मग त्याचा हात दोन्ही हातांनी धरला आणि बोटच तोंडात ओढलं. त्याने घाबरून माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "राहू दे." ती चोखायला लागली. जन्मापासून तिला जे जमलं नव्हतं ते, गाल आत ओढून, अशी जोरात की मामाच्या तोंडून "आई गं" निघालं.

तिने गिळलं. आम्ही सगळे तिच्या नाकाकडे बघत बसलो. पूर्वी नाकातून दूध यायला जेवढा वेळ लागायचा तेवढा गेला, त्याहून जास्त गेला. सासूबाईंनी फडकं एका नाकपुडीला लावलं, बघितलं. दुसरीला लावलं, बघितलं. दाराच्या उजेडाकडे धरून पुन्हा बघितलं. माझा जीव नुसता त्या फडक्यात अडकलेला. समोर भाऊ, बोट अजून भाचीच्या तोंडात, घळाघळा रडत होता, नाक पुसायला त्याचा हातही मोकळा नव्हता.

सासूबाईंनी ते फडकं त्याच्या अंगावर टाकलं.

"घ्या वो मामा," त्या म्हणाल्या, "तुमचंच पुसा. तिचं कोरडं हाय."