तीन देशांतून फिरलेलं गुपित

आमच्या जालना रोडवरच्या स्पेअर पार्टच्या ऑफिसात माल कधीच वेळेवर येत नाही, किस्से मात्र रोज येतात! त्यातून आमचा जाधव आहे म्हटल्यावर साठा संपायची काळजीच नको.

जाधव वैजापूरचा. लग्न ठरलेलं, होणारी बायको पुण्यात नोकरीला, म्हणून यालाही पुण्यातच काम हवं होतं. अडचण एकच. दुसरीकडं अर्ज करताना कुणी सापडलं, की आमचे साहेब त्याची पगारवाढ गोठवतात. आणि ऑफिसचं वायफाय साहेबांचं, म्हणजे कोण काय उघडतं ते त्यांना कळणार!

* * *

तेव्हा जाधवनं फोनमध्ये एक ॲप घेतलं. आपण काहीही उघडलं की ते म्हणे आधी तीन देशांतल्या कॉम्प्युटरवरून फिरतं, मगच मुक्कामी पोचतं. मूळ माणूस कोण, ते कुणालाच कळत नाही.

"आता मी पुण्यात अर्ज टाकला तरी कुत्र्याला पत्ता लागणार नाय!" हे त्यानं अकराच्या चहाला, अख्ख्या स्टाफसमोर सांगितलं. मग आवाज खाली करून म्हणाला, "तुमच्यातच ठिवा."

* * *

पहिला दणका बँकेनं दिला. जाधव करमाडला गिऱ्हाइकाकडं बसलेला, आणि बँकेच्या ॲपला तो दिसला जर्मनीत. खातं बंद!

"परदेशात गेला होतात का?" बँकेतल्या मॅडमनी विचारलं.

"नाय हो मॅडम, करमाडला."

हे पटवायला त्यानं आधार दिलं, पॅन दिलं, अंगठा दिला, चेहऱ्याचा फोटो दिला. माणसानं खाजगीपणा जपावा तर असा!

* * *

कोणकोणतं ॲप लपवायचं, ते आपण निवडायचं असतं. बँकेचा धसका घेऊन जाधवनं बरीच ॲप त्या फेऱ्यातून काढली. एकदा आमच्या अकाउंट्सच्या कुलकर्णी मॅडमनी फोन हातात घेऊन पाहिलं. टॉर्च आणि पंचांग कडेकोट बंदोबस्तात, नोकरी शोधायचं ॲप उघड्यावर!

"अहो जाधव, तुमची एकादशी कुणाला कळू नये म्हणून एवढं?"

"मॅडम, सुरुवात बारक्यापासून करावी," जाधव म्हणाला.

* * *

मग त्यानं ती चूक सुधारली. आता नोकरीच्या साइटलाच हा तीन देश फिरून आलेला पाहुणा संशयास्पद वाटायला लागला. तुम्ही माणूस आहात हे सिद्ध करा, बसचे फोटो निवडा! जाधव जागेवरून ओरडला, "ओ, ही बस हाय का ट्रक?" निम्मा स्टाफ त्याच्या फोनवर वाकला. बराच खल झाला.

"ट्रक आहे तो," मागून आवाज आला. साहेब!

"पंचांग बघतोय, सायेब!" जाधव म्हणाला.

* * *

शेवटी पुण्याहून मुलाखतीचं बोलावणं आलं. आम्ही त्याची कितीही खेचत असलो, तरी त्याचं काम व्हावं असं सगळ्यांना मनापासून वाटत होतं. दौलताबादची मावशी आजारी आहे, असं सांगून त्यानं रजा घेतली. साहेबांनीही काही न विचारता दिली. एवढ्यावर गप निघून जावं की नाही?

पण शुभकामाला निघताना मोठ्यांच्या पाया पडायचं, हे त्याच्या घरचं वळण. इस्त्रीचा शर्ट घालून जाधव सरळ केबिनमध्ये गेला आणि वाकला. दार उघडंच होतं.

"आशीर्वाद द्या, सायेब."

साहेबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि शांतपणे विचारलं, "पगार किती मागणार आहात?"

जाधव वाकलेलाच.

"तुमी म्हणाल तेवढा, सायेब!"