खोऱ्यातलं मैदान बंद आहे

हे माझ्या बायकोला ठाऊक नाही. निपाणीच्या डॉक्टरांना नाही. आणि ज्याला ठाऊक असायला हवं त्या अण्णाला तर नाहीच नाही. तुमची-माझी ओळख नाही, म्हणून असेल कदाचित — तुमच्यासमोर निदान तोंड उघडतंय. तरी एकदम सांगता येत नाही बघा. जरा लांबून येतो. कंटाळलात तरी उठू नका.

अण्णा म्हणजे माझा थोरला भाऊ. आमचं गाव काकती, बेळगावच्या उशाशी. वडील लवकर गेले आणि शेत अण्णाकडं आलं, शाळा माझ्याकडं. अशी वाटणी कुणी केली नव्हती, ती झाली. अण्णा सकाळी सायकलीला दुधाचे कॅन अडकवून बेळगावच्या लष्करी कॅम्पात रतीब घालायला जायचा. तिथल्या एका रिटायर कर्नलसाहेबांनी त्याला गोल्फच्या दोन जुन्या काठ्या दिल्या. का दिल्या? अण्णा रोज तिथल्या मैदानाच्या कुंपणाला सायकल टेकवून त्यांचा खेळ बघत उभा राहायचा, लोकांचा चहा खोळंबायचा तरी हलायचा नाही. साहेबच वैतागले असतील. घे बाबा, आता तूच मार, म्हणाले असतील.

मग गावामागच्या माळावर अण्णानं आपलं मैदान केलं. तुपाचे रिकामे डबे जमिनीत पुरले — झाले होल! भात निघालं, त्यात मसूर पेरला, की संध्याकाळी आम्ही दोघं माळावर. तिथला एक पट्टा नुसता मुरमाड, कुसळाशिवाय काही उगवायचं नाही, त्याला अण्णा वाळवंट म्हणायचा. आणि मागं डोंगराचा चढ सुरू होतो तिथं एक डबा पुरलेला, तो हिमालय. "बाळ्या, वाळवंट सरलं, चल हिमालयात," असं म्हणून काठी खांद्यावर टाकायचा आणि लांब ढांगा टाकत निघायचा. बॉल एकच. तो हरवला की दोघं गुडघ्यांवर रांगत शोधायचो, विजारी कुसळांनी भरून जायच्या. आणि अण्णाचं ते ओरडणं! बॉलशी तो बैलाशी बोलावं तसं बोलायचा. "हां, सरळ चल, सरळ… आरं थांब की रं, कुठं निघालास!" बॉल डब्याच्या कडेनं निघून गेला की त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार. मी हसून हसून खाली बसायचो. पुढं मी चांगल्या चांगल्या हिरवळींवर खेळलो, पण तसं पोट धरून हसणं पुन्हा काही झालं नाही.

"एकदा खऱ्या वाळवंटात खेळायचं बघ आपण. आन् खऱ्या डोंगरात." हे अण्णाचं कायमचं. मी म्हणायचो, व्हय.

मी शिकलो, बेळगावजवळच्या मच्छे गावात एका कारखान्यात लागलो, तिथनंच मॅनेजर होऊन रिटायर झालो. शहरात घर बांधलं, क्लबात जायला लागलो. अण्णाला पाहुणा म्हणून घेऊन जायचो. डोक्याला टॉवेल, पायात कॅनव्हासचे बूट, गालात तंबाखू — आणि बॉल असा सरळ मारायचा की बघणारे गप्प व्हायचे. तिथंच निपाणीच्या डॉक्टरांशी त्याचं गूळपीठ जमलं. डॉक्टरांचे वडील तंबाखूच्या वखारीत हमाली करायचे, ते स्वतः शिकून हाडांचे डॉक्टर झाले. दोघं भेटले की खेळ राहायचा बाजूला आणि जुन्या गप्पा सुरू.

त्या दोघांनीच एक दिवस बेत काढला. आता जाऊन यायचं, राजस्थानात वाळवंटातलं एक मैदान आणि वर हिमालयातलं एक. तिघांनी. मैदानं निवडायचं काम माझ्याकडं आलं. "तुम्ही रिकामेच आहात, काढा शोधून," डॉक्टर म्हणाले.

खरं सांगू? माझ्या म्हातारपणातले ते सगळ्यात चांगले दिवस. मी लॅपटॉप घेऊन काकतीला जायचो. वहिनी चहा आणून ठेवायची, अण्णा चष्मा पुसून माझ्या खांद्याला खांदा लावून बसायचा. वाळवंटातलं मैदान लगेच ठरलं. तिथं गवत जवळजवळ नाही. होलभोवती हिरवळीच्या जागी तेल पाजलेली वाळू, आणि आपलं खेळून झालं की ती सारखी करून पुढं जायचं. अण्णानं ते बघितलं आणि मांडीवर थाप मारली. "आरं, ह्यो तर आपलाच माळ की!"

डोंगरातली दोन निघाली. एक हिमाचलात, उभ्या चढणीवर, देवदारांच्या मधनं. तिथं सगळं पायी. दुसरं काश्मीरकडं, खोऱ्यात, नदीच्या कडेनं. सपाट जमीन, फिरायला बॅटरीची छोटी गाडी, आणि चहूबाजूंनी बर्फाचे डोंगर. अण्णाचा उजवा गुडघा तेव्हाच कुरकुरत होता. त्यानं खोऱ्यातल्या त्या फोटोवर बोट ठेवलं आणि कितीतरी वेळ उचललंच नाही. "हे घे," म्हणाला. "बर्फ बघत खेळायचं. आन् दमलो तर गाडी हायच."

मी व्हय म्हणालो. आणि इथपर्यंत — इथपर्यंत मी चांगला माणूस होतो. निदान मला तसं वाटतं.

आता व्याह्यांचं सांगतो. आमची मुलगी पुण्यात दिली आहे. माणसं मोठी, शिकलेली, बोलणं अगदी इस्त्री केलेलं. व्याही गोल्फ खेळतात. त्यांना आमच्या या बेताचं कळलं आणि म्हणाले, मलाही घ्या की! आमच्याकडं व्याह्याला नाही म्हणत नाहीत. मुलगी दिलेली असते ना. आणि नाही म्हणायचं कारणही नव्हतं. चौघांनी मिळून खेळायचा डाव, आम्ही तिघंच होतो. उलट बरंच झालं. म्हणजे जागेची अडचण होती असं मला तुम्हाला सांगता येत नाही. जागा होती.

मग ते बेळगावला आले, तेव्हा एका सकाळी आम्ही चौघं क्लबात खेळलो. व्याही बॉलवर वाकले, एकदम शांत, मान खाली, आणि मागनं अण्णा: "पावनं, जरा डावीकडं सरा, न्हायतर झाडीत जाईल बगा." बॉल झाडीत गेला. अण्णा टाळी देत खदाखदा हसला आणि व्याह्यांच्या पाठीवर थाप मारली. मागं तंबाखूची पिंक टाकली. पुढं स्वतः मारलं तेव्हा बॉलला त्याच्या सगळ्या जुन्या शिव्या, मोठ्यांदा, व्याह्यांच्या देखत. माझे कान तापले. गाडीत व्याही म्हणाले, "तुमचे बंधू म्हणजे अगदी अस्सल हं!" आणि हसले. ते हसणं माझ्या डोक्यात जाऊन बसलं. आठ दिवस गाडीत, विमानात, हॉटेलात हा असाच वागणार — माझ्या व्याह्यांसमोर. असं मला वाटलं. माझ्या मनात नेमके हेच शब्द आले, असाच वागणार. ज्याच्या दुधावर मी इंजिनियर झालो, त्याच्याबद्दल.

लाज वाटली मला त्याची. घ्या. बोललो एकदाचं. पण कबुली ही नाही, कबुली पुढंच आहे.

थोरल्याला तोंडावर नको म्हणायची आमच्या घरात पद्धत नाही. मला ते जमलंही नसतं, तेवढी छाती नाही माझी. मग मी काय केलं? नको म्हणायचं काम डोंगरावर सोपवलं. काकतीला गेलो, चहा घेतला, आणि म्हणालो, "अण्णा, ते खोऱ्यातलं मैदान बंद हाय. दुरुस्ती काढलीय म्हणं. आता चढावरचं घ्यावं लागंल. सगळं पायी हाय, गाडी न्हाय. लई चढ हाय, अण्णा."

बंद नव्हतं ते. कसली दुरुस्ती आणि कसलं काय! आदल्या दिवशीच मी फोन करून विचारलं होतं, माणूस म्हणाला, केव्हाही या. डॉक्टरांना आणि व्याह्यांनाही मी तेच ठोकून दिलं. निवड माझ्याकडं होती, कुणी उलट तपासणार नव्हतं. डॉक्टर तेवढे म्हणाले, "अरेरे, अण्णांच्या गुडघ्याला ते बरं होतं." मी हळहळलो. हो — हळहळलोसुद्धा!

माझा हिशोब असा की अण्णा आपणहून म्हणेल, मग मला न्हाय जमायचं, तुम्ही जावा. म्हणजे मी वाईट नाही, तो वाईट नाही, वाईट तो डोंगर. पण तुम्ही अण्णाला ओळखत नाही. त्यानं गुडघा चोळला आणि म्हणाला, "मग तयारी कराय पायजे की."

आणि त्यानं केली. दुसऱ्या दिवसापासनं रोज सकाळी तो गावामागचा डोंगर चढायला लागला. त्या वयात! काठी टेकत, टॉवेल बांधून. एकदा मी सकाळी हायवेनं चाललो होतो आणि मला तो दिसला. जरा वर, उतरणीवर, आडवं पाऊल टाकत एकटाच उतरत होता. मी गाडी कडेला घेतली. काच खाली केली. हाक मारली असती तर ऐकू गेली असती. अण्णा, खाली ये, ते मैदान चालू आहे, मी खोटं बोललो — एवढंच म्हणायचं होतं. त्याला किती वेळ लागतो हो? मी काच वर केली आणि निघून गेलो.

निघायला थोडे दिवस राहिले होते तेव्हा वहिनीचा फोन आला. उतरताना पाय मुरगळला होता. मी गेलो तर गुडघा टम्म सुजलेला, वहिनीनं निरगुडीचा पाला गरम करून बांधलेला. डॉक्टर निपाणीहून धावत आले, आत काहीतरी फाटलंय म्हणाले. अण्णा माझ्याकडं बघून ओशाळला. तो ओशाळला! "घोटाळा केला रं मी. तुम्ही जावा. मागं सरू नगा माझ्यापायी."

आणि मला काय वाटलं सांगू? सुटलो असं वाटलं. त्याच्या खाटेशी उभं राहून, त्याचा हात हातात धरून — सुटलो.

आम्ही तिघं जाऊन आलो. वाळवंटात मी ती तेलाची वाळू सारखी केली आणि पुढं गेलो. डोंगरावर दुसऱ्याच होलला व्याही दम खायला दगडावर बसले आणि म्हणाले, "तुमचे अण्णा हवे होते हो. त्या दिवशी क्लबात जेवढा हसलो तेवढा वर्षात हसलो नव्हतो." म्हणजे ते त्याला हसले नव्हते. त्यांना तो आवडला होता. पण हे मी तुम्हाला का सांगतोय? त्याला हसले असते, तर मी केलं ते बरोबर ठरलं असतं का?

परत आल्यावर अण्णानं मला जवळ बसवून घेतलं आणि एकेक होल विचारला. वारा कसा होता, बॉल विरळ हवेत लांब जातो म्हणतात ते खरं का, देवदाराचा वास कसा असतो. मी सांगत गेलो. शेवटी म्हणालो, "बरं झालं तू आला न्हाईस. तुला जमलंच नसतं." तो मान हलवत राहिला. म्हणाला, "व्हय, तेबी खरंच."

गुडघा पुन्हा नीट झाला नाही. अण्णा त्यानंतर खेळला नाही. आता दारातल्या खुर्चीवर बसतो आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतो की भावानं मला न्यायसाठी लई धडपड केली, मीच कमी पडलो. मी शेजारी बसलेला असतो. ऐकून घेतो.

गेल्या रविवारी गेलो होतो. वहिनी आत होती, आम्ही दोघंच. अण्णा रस्त्याकडं बघत म्हणाला, "बाळ्या, ते खोऱ्यातलं मैदान झालं का रं चालू? खेळायचं न्हाय मला. तू खेळ. मी त्या गाडीत बसतो नुसता. बर्फ बघतो."

तिकिटं काढणं सोपं होतं. विमानतळ जवळ आहे, चाकांची खुर्ची मिळते, डॉक्टर एका पायावर तयार झाले असते. पण अण्णा कुठंही गेला की पहिल्या दिसेल त्या माणसाशी बोलायला लागतो. मोडक्या हिंदीत का होईना, विचारल्याशिवाय राहणार नाही — कधी चालू झालं हो, दुरुस्ती केव्हा संपली? आणि तो माणूस म्हणणार, बंद कधी होतं बाबा?

मी अण्णाकडं बघितलं नाही.

"न्हाय, अण्णा," म्हणालो. "अजून बंदच हाय."